दोन पत्ते : गोव्यातून सहकुटुंब परदेशी स्थायिक होताना

जर्मनीत नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. ती नोंद झाली की कर क्रमांक त्याच पत्त्यावर टपालाने येतो, बँकेचे आणि निवास परवान्याचे काम मार्गी लागते आणि मुलांच्या शाळेचा विषय हातात घेता येतो. पोर्तुगालमध्ये ‘नीफ’ हा कर क्रमांक आधी काढल्याशिवाय भाडेकरार पुढे सरकत नाही, आणि राहण्याचा दाखला आपल्या पंचायतीशी बरेच साम्य असलेल्या फ्रेगेझियाच्या कार्यालयातून आणावा लागतो. दुबईत भाडेकराराची ‘इजारी’ नोंदणी झाल्यावरच कुटुंबाच्या व्हिसाकडे वळता येते. देश कोणताही असला तरी सहकुटुंब जाणाऱ्याची पहिली अडचण पत्त्याचीच असते. घरात पगाराची आणि तिकिटांची चर्चा महिनोन्महिने चालते. पत्त्याचा विचार मात्र विमानतळाबाहेर पडल्यावर सुचतो.

गोव्यातून जाणाऱ्याला आणखी एका पत्त्याची काळजी वाहावी लागते. वाड्यावरचे घर, त्याची घरपट्टी, एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावरची नावे, पावसाळ्यातली कौले आणि चवथीची पूजा यांची व्यवस्था न लावता निघालेल्या माणसाला पुढची काही वर्षे फोनवरून घर चालवावे लागते. आम्ही चौघे २०१५ च्या ऑगस्टमध्ये फोंडा तालुक्यातून दक्षिण जर्मनीत गेलो आणि सहा वर्षांनी परतलो. धाकटा भाऊ अजून आखातात आहे. पुढचे विवेचन या अनुभवावर, आणि त्यानंतर ओळखीच्या कुटुंबांचे अर्ज भरून देताना जे कळत गेले त्यावर बेतलेले आहे. व्हिसाचे नियम आणि शुल्के वारंवार बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा मजकूर स्वतः वाचावा आणि येथील तपशील त्याच्याशी ताडून पाहावा.

नावांची जुळवाजुळव

तयारी कागदपत्रांपासून सुरू करावी, आणि ती निघण्याच्या निदान आठ-दहा महिने आधी. कुटुंबातल्या प्रत्येक माणसाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, आधार आणि पासपोर्ट एका टेबलावर मांडून प्रत्येकावरचे नाव अक्षरनिहाय ताडून पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि गोव्यात ते इतर ठिकाणांपेक्षा अवघडही आहे. जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने झालेल्या असल्यामुळे नाईक, कामत, शेट, शेणवी अशी आडनावे वडिलांच्या जन्मदाखल्यावर एका रूपात आणि मुलाच्या पासपोर्टवर दुसऱ्या रूपात सापडतात. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, पण परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी कुटुंबे असतात. किरकोळ फरक असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागते. फरक मोठा असेल तर गोव्याच्या १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्यानुसार रीतसर दुरुस्ती करून घ्यावी. त्यात वेळ जातो, म्हणूनच सुरुवात येथून करायची.

दुसरा घोळ सुनांच्या नावांचा. आपल्याकडील अनेक हिंदू घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलले जाते. पदवी माहेरच्या नावाची, रेशनकार्ड सासरच्या नावाचे आणि पासपोर्ट कधी या तर कधी त्या नावाचा, अशी स्थिती असेल तर पत्नीला परदेशात नोकरी शोधताना स्वतःचीच पदवी स्वतःची असल्याचे सिद्ध करत बसावे लागते. ज्या नावाने शिक्षण झाले तेच नाव पासपोर्टवर राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मानाचे नाव देव्हाऱ्यापुरते आणि नातेवाइकांपुरते पुरेसे असते.

विवाहाच्या तारखेबाबत तर गोवेकरांनी विशेष सावध असावे. येथे नागरी नोंदणी सक्तीची आहे आणि ती दोन टप्प्यांत होते. आधी निबंधकासमोर इराद्याची नोंद, नंतर ठरावीक दिवसांनी दुसरी सही. ही तारीख आणि मुहूर्ताची तारीख बहुधा एक नसते. मी व्हिसाच्या अर्जात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची, म्हणजे मुहूर्ताची, तारीख लिहिली आणि सोबत दाखला जोडला तो सात आठवडे आधीच्या तारखेचा. व्हिसा कार्यालयाने खुलासा मागवला आणि तीन आठवडे गेले. चूक सर्वस्वी माझी होती. सर्व अर्जांवर दाखल्यावरचीच तारीख लिहावी.

नावे जुळल्यानंतर दाखल्यांच्या नव्या प्रमाणित प्रती काढाव्यात, प्रत्येकाच्या किमान तीन. आधी राज्य पातळीवर साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टील, म्हणजे करारातल्या देशांत चालणारी खरेपणाची मोहोर, असा क्रम असतो. भारत २००५ पासून अपोस्टील कराराचा सदस्य आहे, कॅनडा जानेवारी २०२४ पासून. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांना मंत्रालयानंतर अमिरातीच्या दूतावासाचीही मोहोर लागते, आणि पत्नी-मुलांच्या व्हिसासाठी विवाहाचा व जन्माचा दाखला याच मार्गाने गेलेला असावा लागतो. जर्मनीने भारताच्या बाबतीत आक्षेप नोंदवलेला असल्याने आपले अपोस्टील तिथे गृहीत धरू नये. कोणत्या कार्यालयाला कोणते साक्षांकन हवे ते आधी लेखी विचारून घ्यावे. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. त्याची मुदत थोडी असते, म्हणून तो सर्वांत शेवटी काढावा.

पोर्तुगीज पासपोर्टची वाट

गोव्यात परदेशाचा विषय निघाला की कोणीतरी लिस्बनचे नाव घेतेच. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची जन्मनोंद लिस्बनमध्ये करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला आहे. तो पत्करण्यापूर्वी घरातल्या सर्व प्रौढांनी एकत्र बसून एक गोष्ट समजून घ्यावी. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व स्वीकारले की भारताचे नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदान करता येत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड हाती आले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. दोन पासपोर्ट खिशात ठेवून वावरणे हा गुन्हा आहे आणि त्याचा त्रास पुढे मुलांना होतो.

या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये जाऊन स्विंडन किंवा साउथॉलमध्ये संसार थाटण्याची जी वाट मागच्या पिढीने तुडवली, ती ३१ डिसेंबर २०२० रोजी मुक्त संचार संपल्यावर नव्याने जाणाऱ्यांसाठी बंद झाली. युरोपीय संघातल्या देशांसाठी तो पासपोर्ट आजही उपयोगी आहे. पर्यटक व्हिसावर पोर्तुगालमध्ये उतरून तिथेच निवासाचा अर्ज करण्याची सवलत जून २०२४ मध्ये काढून टाकली गेली, आणि कुटुंबाला बोलावून घेण्याचे नियम ऑक्टोबर २०२५ मध्ये कडक करण्यात आले. तेव्हा ‘आधी पोहोचा, कागद मागाहून होतील’ असे सांगणाऱ्या एजंटला तिथल्या तिथे नमस्कार करावा. आखातातील नोकरीसाठी एजंट लागलाच, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली तो नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. अशा एजंटला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्यापेक्षा अधिक मागितले की पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

आधी कोणी जावे

सर्वांनी एकाच विमानाने जाण्याचा मोह आवरावा. नोकरी असलेल्याने दोन-अडीच महिने आधी जावे, तात्पुरत्या खोलीत राहून कुटुंबाच्या नावाने भाडेकरार करावा, पत्ता नोंदवावा आणि मग इतरांनी यावे. आम्ही हे केले नाही. पाच आठवडे चौघे दोन खोल्यांच्या सुटीच्या घरात राहिलो आणि त्या घराच्या मालकाने तो पत्ता नोंदवू द्यायला नकार दिल्यामुळे त्या काळात आमचे एकही सरकारी काम झाले नाही.

अर्थात, कुटुंबाला मागाहून येण्याचा हक्क आहे याची खात्री आधी करावी. ब्रिटनमध्ये केअर वर्करच्या, म्हणजे वृद्ध-रुग्णांची देखभाल करणाऱ्यांच्या, व्हिसावर नव्याने जाणाऱ्यांना मार्च २०२४ पासून जोडीदार आणि मुले सोबत नेता येईनाशी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नव्याने जाणाऱ्यांसाठी तो व्हिसाच बंद झाला. जर्मनीत ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला भाषेची परीक्षा आधी द्यावी लागत नाही आणि नोकरी करण्याची मुभाही मिळते. इतर अनेक व्हिसांवर मात्र प्राथमिक जर्मनचे प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच लागते. अमिरातीत पत्नीला नोकरी करायची तर स्वतंत्र परवाना लागतो. ज्या घरात दोघेही कमावते आहेत तिथे हा एक मुद्दा संपूर्ण हिशेब फिरवू शकतो, कारण एकाचा पगार दुप्पट झाला आणि दुसऱ्याचा शून्यावर आला तर हाती फारसे काही उरत नाही.

मुलांच्या वयाचा विचार तर पगाराच्याही आधी करावा. युरोपात शाळेचे वर्ष बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या आसपास सुरू होते, त्यामुळे ऑगस्टमध्ये पोहोचणे सोयीचे. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते. नऊ-दहा वर्षांचे मूल भाषा न येता तिथे पोहोचले, तर त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या जर्मनवरून त्याची शाळा ठरण्याचा धोका असतो. आमची मुलगी सहा वर्षांची होती, तिला काही जड गेले नाही. मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याची दोन वर्षे अवघड गेली आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटते. पर्याय असेल तर सात वर्षांच्या आत न्यावे, अन्यथा भाषावर्गाची नीट सोय असलेली शाळा आधी शोधून तिच्या जवळ घर घ्यावे. पोर्तुगालच्या सरकारी शाळांत परभाषक मुलांसाठी पोर्तुगीजचा वेगळा अभ्यासक्रम असतो. प्रवेशाच्या वेळीच तो मागावा. दहावीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाला हलवू नये, एवढे एक वाक्य पुरे.

लसीकरणाचे पुस्तक जपून न्यावे. जर्मनीत मार्च २०२० पासून शाळेत आणि बालवाडीत गोवरच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे. आपल्याकडच्या आरोग्य केंद्राच्या कार्डावरची नोंद पुसट असेल, तर डॉक्टरांकडून तारखांसह सही-शिक्क्याचा इंग्रजी गोषवारा घ्यावा.

मागे राहणारे घर

गोव्यातल्या विवाहितांना संपत्तीच्या बाबतीत एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी लागते. आपल्याकडे विवाहपूर्व करार केलेला नसेल तर पती-पत्नीची संपत्ती सामाईक धरली जाते आणि स्थावर मालमत्तेचा व्यवहार एकाच्या सहीने होत नाही. मुखत्यारपत्र, ज्याला घरातली जुनी माणसे अजून प्रोकुरासांव म्हणतात, ते दोघांनी मिळून करावे. एकट्या पतीने केलेले मुखत्यारपत्र घेऊन बसलेला भाऊ घराची साधी वाटणीही पुढे नेऊ शकत नाही, आणि दुसरी सही परदेशातून मिळवायची म्हणजे भारतीय वकिलातीत साक्षांकन करून, येथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो.

मुखत्यारपत्रात अधिकार मोजून द्यावेत. घरपट्टी, वीज आणि पाण्याची बिले भरणे, दुरुस्ती करून घेणे, पंचायतीत आणि भूमापन कार्यालयात आपल्या वतीने हजर राहणे एवढे पुरेसे आहे. विक्रीचा अधिकार सरसकट देऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. परदेशात राहणाऱ्यांच्या जमिनी बनावट कागदपत्रांनी बळकावल्याची इतकी प्रकरणे गोव्यात उघडकीस आली, की सरकारला २०२२ मध्ये त्यांच्या तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. एक-चौदाचा उतारा आता संगणकावर घरबसल्या पाहता येतो. दर तीन महिन्यांनी तो पाहावा, कब्जेदाराच्या रकान्यात अनोळखी नाव दिसते का हे तपासावे आणि त्याची एक प्रत जतन करावी. वडील किंवा आई हयात नसतील आणि वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीची रीतसर प्रक्रिया, झालेली नसेल, तर ती निघण्यापूर्वी सुरू करावी. चार भावंडे चार देशांत पांगल्यावर ती करणे म्हणजे काय असते, ते आमच्या वाड्यावरच्या दोन घरांनी सध्या अनुभवायला घेतले आहे.

बंद घराचा खरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बंद खोलीतल्या चिऱ्याच्या भिंतींना, लाकडी वाशांना आणि कपाटातल्या कागदांना तो पुरेपूर कळतो. मंगळुरी कौलांचे घर असेल तर दर मे महिन्यात कौले परतून घेण्याचे काम एखाद्या माहीतगार माणसाला पैसे देऊन ठरवून ठेवावे, वाळवीचा उपचार करून घ्यावा आणि आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडणारे कोणीतरी नेमावे. हे काम शेजाऱ्याकडे उपकार म्हणून सोपवू नये. पहिल्या वर्षी तो आनंदाने करतो, तिसऱ्या वर्षी त्याला स्वतःच्या घराचे पाहायचे असते. महिन्याचा मोबदला ठरवून दिला की दोघांनाही बोलायला सोपे जाते. कुळागर किंवा चार माड असतील तर पाडेलीची (नारळ पाडणाऱ्याची) आणि पाण्याची व्यवस्था त्यातच बसवावी. घर भाड्याने द्यायचे झाल्यास लेखी करार आणि पोलिसांकडे भाडेकरूची पडताळणी, या दोन्हींत नातेवाईकही अपवाद नाहीत.

चवथीचे काय, हा प्रश्न आई विचारणारच. मूळ घरात गणपती असेल तर भावकीत कोणी पूजा करायची, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे) सामान कोणी आणायचे आणि खर्चाचा वाटा कसा पाठवायचा हे निघण्यापूर्वी सर्वांसमक्ष ठरवावे. वृद्ध आई-वडील मागे राहत असतील तर त्यांच्या औषधांची यादी, डॉक्टरांचे नाव आणि रात्री-अपरात्री धावून येईल अशा माणसाचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवावा.

पैशांचा हिशेब

परदेशी वास्तव्य सुरू झाल्यावर येथील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून त्याचे एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या येथील उत्पन्नासाठीच्या, खात्यात रूपांतर करावे लागते. परदेशातली कमाई भारतात पाठवण्यासाठी एनआरई खाते वेगळे उघडावे, त्यावरचे व्याज करमुक्त असते आणि रक्कम परत बाहेर नेता येते. चालू असलेले पीपीएफ खाते मुदतीपर्यंत सुरू ठेवता येते, नवे उघडता येत नाही. शेतजमीन वारशाने आली तर ठेवता येते, विकत घेता येत नाही. भारतीय मोबाइल क्रमांक रोमिंगसह जिवंत ठेवावा, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि बंद पडलेला क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला मिळतो.

निघताना हाताशी किती पैसे असावेत याचे माझे उत्तर चार महिन्यांचा संपूर्ण खर्च असे आहे. जर्मनीत अनामत रक्कम तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते, आणि अनेक घरे स्वयंपाकघराच्या ओट्याशिवाय, सिंकशिवाय, दिव्यांशिवाय मिळतात; ते सारे आपणच बसवायचे असते. दुबईत वर्षाचे भाडे पुढच्या तारखांच्या मोजक्या धनादेशांनी द्यावे लागते. ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभार संपूर्ण मुदतीचा एकदम भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आणि अठरा वर्षांखालील मुलाला ७७६ पौंड आहे, म्हणजे तीन वर्षांच्या नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाचे १०,८६६ पौंड व्हिसा हातात येण्यापूर्वीच जातात. कंपनी यातले किती देणार हे नियुक्तिपत्रात लिहून घ्यावे.

सामान

सामानाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण यावर घरोघरी तज्ज्ञ असतात. मूळ कागदपत्रे हातातल्या पिशवीत, प्रत्येक माणसाची वेगळी फाइल. युरोपीय संघात प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे आईने कढवलेले तूप आणि पेढे विमानतळावर टाकावे लागतात. सुकी मासळी मात्र वीस किलोपर्यंत नेता येते. सुकी सुंगटे तीन पदरी बांधली तर सहप्रवाशांशी संबंध चांगले राहतात. अमिरातीला जाणाऱ्यांनी शाकुतीच्या मसाल्यासाठी खसखस अजिबात बांधू नये, तिथे ती अमली पदार्थांत मोडते. खोकल्याच्या आणि वेदनाशामक औषधांपैकी कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधेही तिथे नियंत्रित आहेत.

पहिले शंभर दिवस

पोहोचल्यावर क्रम असा ठेवावा की पत्ता, ओळखक्रमांक, आरोग्याची नोंदणी, शाळा आणि मग बाकीचे. जर्मनीत सरकारी आरोग्य विमा असलेल्याच्या बिनकमाईच्या जोडीदाराला आणि मुलांना वेगळे पैसे न भरता त्याच विम्यात सामावून घेता येते, पण अर्ज करावा लागतो. ते आपोआप होत नाही. पोर्तुगालमध्ये जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन वापरकर्ता क्रमांक घ्यावा. ब्रिटनमध्ये घराजवळच्या जीपीकडे (तिथल्या कुटुंबाच्या डॉक्टरकडे) सर्वांची नावे पहिल्याच आठवड्यात घालावीत, मूल आजारी पडण्याची वाट पाहू नये. दुबईत अवलंबितांचा विमा काढण्याची जबाबदारी त्यांना बोलावणाऱ्यावर असते.

जर्मनीत इमारतीतल्या सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात. घंटेवर आणि टपालपेटीवर लिहिलेले आडनाव हाच पत्त्याचा शेवटचा भाग असतो. आम्ही पेटीवर माझे आडनाव लावले. पत्नीच्या पासपोर्टवर तिचे माहेरचे आडनाव होते. तिचा कर क्रमांक, विम्याचे कार्ड आणि बँकेचे पत्र अशी तीन पाकिटे ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ असा शेरा घेऊन परत गेली, आणि ही व्यक्ती तर त्या वेळी खिडकीत बसून टपालवाल्याची वाट पाहत होती. कुटुंबात जितकी आडनावे असतील तितकी सारी पेटीवर पहिल्याच दिवशी लावावीत.

भाडेकरार सही करण्यापूर्वी भाषा जाणणाऱ्या कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्यावा. घरातल्या बुरशीची जबाबदारी भाडेकरूवर टाकणारे कलम बऱ्याच करारांत असते. बुरशीबद्दल गोवेकराला कोणी काय शिकवावे असे मला वाटत असे, परंतु तिथली बुरशी वेगळी निघाली. थंडीत बंद घरात भात-मासळी शिजवली की वाफ थंड भिंतीवर जमते, आणि कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच मिनिटे सताड उघडाव्या लागतात. पोर्तुगालमधल्या अनेक जुन्या घरांत खोल्या तापवण्याची व्यवस्थाच नसते. हवामान आपल्यासारखे असेल या समजुतीने गेलेली मंडळी जानेवारीत कुडकुडतात.

भाषेचा वर्ग दोघांनीही लावावा आणि आधी घरी राहणाऱ्या जोडीदाराने. नोकरी करणाऱ्याचे कार्यालय इंग्रजीत चालते. शाळेची सूचना, डॉक्टरांची वेळ आणि शेजारणीची तक्रार मात्र देशभाषेत येते आणि ती घरी असलेल्यालाच झेलावी लागते. पोर्तुगीज शिकणाऱ्या गोवेकराला थोडी शिदोरी घरूनच मिळते. चावी, जनेल, बटाटा, घमेले आणि पगार हे सारे शब्द त्याच भाषेतून आपल्याकडे आलेले आहेत, त्यामुळे पहिल्या धड्यात परकेपणा जरा कमी वाटतो. व्याकरण लवकरच हिशेब पूर्ण करते.

मुलांशी घरी कोणती भाषा बोलावी हे विचारले जाते तेव्हा आपल्यापैकी अनेकांची पंचाईत होते. आम्ही घरात बोलतो कोकणी, वाचतो-लिहितो मराठी, आणि मुलांची शाळा इंग्रजी. शाळेच्या अर्जावर मातृभाषेचा एकच रकाना असतो. मूल आजीशी जी भाषा बोलते ती तिथे लिहावी आणि घरात तीच चालू ठेवावी. नव्या देशाची भाषा मोडक्यातोडक्या उच्चारांत आपण घरी बोलण्याने मुलाचा काहीच फायदा होत नाही, ती त्याला शाळेत कित्येक पटींनी चांगली मिळते. मराठी वाचनासाठी आम्ही रविवारची वीस मिनिटे राखून ठेवली होती. मुलगी टिकली, मुलाने वर्षभरात सोडून दिले.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरातल्या एकाचा तरी धीर सुटतो, बहुतेक वेळा ज्याला नोकरी नसते त्याचा. त्या वेळी परतीचा निर्णय घेऊ नये आणि गोव्याला धावतही जाऊ नये. पहिली भेट वर्षानंतरच्या सुटीत ठरवून ठेवावी. मराठी मंडळ किंवा गोवेकरांचा गट जवळ असेल तर जरूर जावे, परंतु आठवड्यातली एक तरी संध्याकाळ स्थानिक लोकांत घालवावी, मग ते मुलांच्या फुटबॉलचे मैदान असो किंवा वाचनालय. आम्हाला पहिला खरा मित्र इमारतीचा जिना धुण्याच्या पाळीवरून झालेल्या भांडणात मिळाला.

कागदोपत्री गोव्यात राहणे

परदेशात मूल जन्मले आणि त्याचे भारतीय नागरिकत्व हवे असेल, तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी. लहान मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात, त्यामुळे थोरांच्या आधी त्यांची मुदत संपते; ही तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी, कारण निवास परवान्याची मुदत त्याच्याशी जोडलेली असू शकते. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्यांना परदेशस्थ मतदार म्हणून सहा-अ क्रमांकाच्या अर्जाने नाव नोंदवता येते, मतदानाला मात्र स्वतः गावी यावे लागते.

वकिलातीतल्या पासपोर्टच्या अर्जात भारतातल्या पत्त्याचा रकाना असतो आणि काही वेळा त्या पत्त्यावर पोलीस चौकशीला पाठवले जातात. आमच्या वेळी आले तेव्हा घराला कुलूप होते आणि समोरच्या घरात नव्याने आलेल्या भाडेकरूंनी ‘इथे कोणीच राहत नाही’ असे खरे ते सांगितले. नशिबाने खिडक्या उघडायला येणारी बाई तेवढ्यात पोहोचली आणि तिने चालू वर्षाच्या घरपट्टीची पावती व विजेचे बिल कपाटातून काढून दाखवले. तेव्हापासून त्या दोन कागदांच्या प्रती मी समोरच्या घरीही ठेवतो, आणि दर एप्रिलमध्ये त्या बदलतो.